उंचीची नाही, वजनाची भीती

बेचका (धागाकर्ता)

झाडांवर चढून काम करतो असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पडायची भीती नाही वाटत?" चौदा वर्षं ऐकतोय. म्हटलं एकदा सविस्तर लिहावं आणि पुढच्या वेळी सरळ दुवा द्यावा.

(धंद्याचं नाव ट्री सर्जन म्हणा, आर्बोरिस्ट म्हणा. 'वृक्षशल्यक' म्हटलं की मला उगाच पांढरा डगला घातल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात अंगावर भुसा, चीक आणि साखळीचं तेल असतं.)

तर भीती. उंचीची फार नाही वाटत. हार्नेस नीट असेल, दोर चांगल्या बेचक्यातून गेलेला असेल आणि कमरेचा छोटा दोर खोडाभोवती असेल तर वीस मीटरवरही माणूस जिन्यात उभा राहिल्यासारखा उभा राहतो. वाटते ती वजनाची. ओल्या लाकडाचं वजन लोकांना माहीतच नसतं. फांदी म्हटली की डोळ्यांपुढे पानं येतात. चाळीस सेंटिमीटर जाडीच्या खोडाचा एक मीटर लांब तुकडा घ्या. ताज्या लाकडात तो साधारण १२० किलो भरतो. म्हणजे अंगापिंडाने दणकट माणसापेक्षा जास्त, आणि असे तुकडे दिवसाला वीस-पंचवीस माझ्या गुडघ्यांजवळून खाली जातात. पुढे कुठे जाणार, काय ओढत नेणार, कशावर आदळणार, हे ठरवणं म्हणजे माझं काम. कापणं सगळ्यात सोपं.

दिवस सुरू होतो तो झाडाभोवती फेरी मारून. करवत अजून गाडीतच असते. आधी बुंधा. एका बाजूची जमीन उचलली आहे का, मातीला नवी भेग आहे का, मुळं बुंध्यातून जिथे फुटतात त्या खोबणींत काही उगवलंय का. गॅनोडर्मा (लाकूड कुजवणारी बुरशी) लगेच ओळखू येतो, लाकडी कानासारखा, आजूबाजूला गेरू भुरभुरल्यासारखी तपकिरी पूड. त्याहून लबाड क्रेट्झश्मारिया (हीही बुरशीच). कोळशाची खरपुडी धरल्यासारखा दिसतो, बघणाऱ्याला वाटतं कुणीतरी बुंध्याशी जाळ केला होता. वर झाड हिरवंगार आणि खाली लाकूड चिनी मातीसारखं झालेलं. वाकत नाही, करकरत नाही, एकदम मोडतं.

मग लाकडी हातोडी घेऊन बुंधा ठोकत फिरायचं. भरीव लाकडाचा आवाज आखूड आणि टणक येतो, हाताला परत उडी लागते. पोकळ जागेवर आवाज खोल जातो, दाराच्या पातळ फळीवर टिचकी मारल्यासारखा. आणि कधीकधी आवाज येतच नाही, नुसतं 'थप'. तिथे लाकूड कुजून भिजलेलं असतं. मला त्या 'थप'ची जास्त धास्ती.

नंतर वर मान करून वाळक्या फांद्या, सुटून अडकलेल्या फांद्या, मोहोळ, वायरी. वारा बघायचा. खालच्या माणसाशी बोलायचं की तुकडे कुठे उतरणार, कोण कुठे उभं राहणार, खूण काय. या सगळ्यात पाऊण तास जातो. मालक खिडकीतून बघत असतात की ही माणसं कामाला कधी लागणार.

बाकीचं विचाराल तसं लिहितो.

अंगण

फार छान लिहिलंय. एक घरगुती प्रश्न. आमच्या दारातल्या झाडाला दोन मीटरवर ढोली आहे, मूठ आत जाईल एवढी. शेजारचे म्हणतात सिमेंट भरून टाका, पाणी जायचं थांबेल. भरू का? आणि फांदी कापली की वर डांबर लावतात ते योग्य का?

गणित_कच्चं

१२० किलोचा तुकडा दोराने सोडता ना? मग दोर १२० किलोचा असला तरी चालेल? (नाव बघून उत्तर द्यावे.)

बेचका

@गणित_कच्चं, या प्रश्नासाठीच धागा काढला असं समजा.

खोड वरून खाली तुकड्या-तुकड्याने उतरवतो तेव्हा कप्पी कापाच्या खाली बांधलेली असते, कारण वर बांधायला काही शिल्लकच नसतं. त्यामुळे तुकडा कापून ढकलला की दोर ताणला जाईपर्यंत तो मोकळा पडतो. समजा दोन मीटर पडला. आता खालच्या माणसाने दोर घट्ट धरून ठेवलाय, तुकडा अर्ध्या मीटरमध्ये थांबला. पडलेलं अंतर आणि थांबायचं अंतर मिळून अडीच मीटर, भागिले अर्धा. पाचपट. म्हणजे १२० किलोच्या तुकड्याने दोरावर सरासरी ६०० किलोंचा ताण दिला. क्षणभराचा कमाल ताण याहून जास्त. आणि कप्पीवर दोराच्या दोन्ही बाजू खाली ओढतात, तेव्हा कप्पी ज्या खोडाला बांधली आहे त्यावर जवळजवळ दुप्पट, हजार किलोंच्या वर. त्या खोडावर मी बांधलेला आहे.

आता तोच तुकडा, तेच दोन मीटर, पण खालच्या माणसाने दोर सरकू देत चार मीटरमध्ये अलगद थांबवला. सहा भागिले चार, दीडपट. १८० किलो. फरक फक्त खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हाताचा.

म्हणून माझा जीव कोणाच्या हातात असं विचारलंत तर उत्तर दोराच्या कंपनीचं नाव नाही. खालचा माणूस.

एकदा नवा मुलगा होता दोरावर. बुंध्याला लोखंडी नळकांडं बांधतो, त्यावर दोराचे वेढे घेऊन घर्षण मिळवतात. किती वेढे घ्यायचे ते तुकड्याच्या वजनावर. त्याने भीतीपोटी एक वेढा जास्त घेतला आणि वर दोर मुठीत गच्च धरला. तुकडा खाली गेला आणि जागच्या जागी थांबला. मी ज्या खोडाला मिठी मारून होतो ते आधी पुढे गेलं, मग मागे, मग पुन्हा पुढे. पाण्यातून बाहेर काढलेली काठी हलते तसं. कमरेचा दोर पोटात रुतला, करवत तिच्या पट्ट्यावर लटकून मांडीवर आपटत राहिली (बंद होती). पाच-सहा हेलकावे असतील. खाली बघितलं तर मुलगा अभिमानाने वर बघत होता. त्याने तुकडा पडू दिला नव्हता ना!

चूक त्याची नव्हती. त्याला 'धर' सांगितलं होतं, 'सोडत सोडत थांबव' असं कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

सावली

दादा, तो हेलकावा वाचून माझ्या पोटात गोळा आला. मी दुसऱ्या वर्षाची चढणारी. आमच्याकडे पहिले सहा महिने मला चढूच दिलं नाही, फक्त दोर, फांद्या ओढणं आणि चिपर. तेव्हा राग यायचा. आता कळतंय.

आणि खरं सांगायचं तर अजूनही दिवसातला फार तर तिसरा हिस्सा झाडावर जातो. बाकी फांद्या ओढा, चिपरमध्ये घाला, दाताळं मारा, भुसा झाडा, सामान धुवा, साखळीला कानस मारा. लोकांना व्हिडिओत जे दिसतं ते आठवड्यातले दोन तास.

कानस

चिपरबद्दल लिही गं सावली. करवतीची भीती सगळ्यांना असते, चिपरची कुणाला नसते. म्हणून तो जास्त वाईट.

सावली

लिहिते. चिपर म्हणजे फांद्या गिळून चुरा करणारं यंत्र. तोंडाशी दातेरी रूळ असतात, ते फांदी पकडून आत ओढतात, आत पाती फिरत असतात. रूळ सेकंदाला अर्धा मीटरभर ओढतात. ऐकायला सावकाश वाटतं. पण फांदीचा एखादा आकडा बाहीत अडकला तर कोपर रुळाशी जायला एक सेकंद पुरतो, आणि त्या सेकंदात थांबवायचा दांडा मारायचं सुचायला हवं. म्हणून कडेला उभं राहून बुडख्याकडून फांदी घालायची आणि लगेच सोडून द्यायची. लहान काटक्या हाताने कधीच ढकलायच्या नाहीत, लांब फांदीने ढकलायच्या. मनगटावर मोठा बंद असलेले हातमोजे घालायचे नाहीत, हार्नेस घालून चिपरशी जायचं नाही.

सगळ्यात भयानक म्हणजे दोर. वर माणूस चढलाय, त्याच्या दोराचं शेपूट खाली गवतात पडलंय, कुणीतरी फांद्यांचा भारा उचलतो आणि त्यात ते शेपूटही जातं. पुढे काय होतं ते लिहीत नाही. आमच्याकडे चढणाऱ्याच्या दोराचं टोक पिशवीतच राहतं आणि चिपर झाडापासून लांब लावतो. चालायला जास्त लागतं, चालतो.

रोखठोक

सगळं ठीक आहे, पण जरा जास्तच बाऊ होतोय असं नाही वाटत? पिढ्यानपिढ्या माणसं अनवाणी, एक कोयता कमरेला लावून झाडावर चढत आली आहेत. ना हार्नेस ना हेल्मेट. तुमच्या सामानाच्या किमतीत लोकांची गावं उभी राहतील. कौशल्य गेलं आणि पट्टे आले, असं माझं स्पष्ट मत.

बेचका

@रोखठोक, त्या माणसांच्या पायांची पकड मला सात जन्मांत येणार नाही, हे आधी कबूल. मी त्यांच्याकडून शिकलोय. पण ते चढतात बहुधा उतरण्यासाठी. फळ काढायचं, खाली यायचं. मला वर दोन तास थांबून चालती करवत वापरायची असते, तीही बऱ्याचदा अशा झाडात जे मरायला टेकलंय.

आणि पकड कितीही चांगली असो, डोळ्याच्या पापणीवर गांधीलमाशी चावली की दोन्ही हात आपोआप चेहऱ्याकडे जातात. कौशल्य त्या क्षणी हजर नसतं. हार्नेस त्या क्षणापुरता असतो. अशा चढणाऱ्यांतले जे म्हातारे झाले ते आपल्याला दिसतात, एवढंच.

@अंगण, तुमचं राहिलंच. सिमेंट भरू नका, डांबर लावू नका. कारण सांगतो, जरा लांबेल.

जुन्या काळी भरायचे. या धंद्याला 'ट्री सर्जरी' हे नाव ज्यांच्यामुळे रुळलं ते जॉन डेव्ही, जन्म इंग्लंडचा, काम अमेरिकेत ओहायोमध्ये. १९०१ साली त्यांचं झाडांच्या उपचारांवरचं पुस्तक आलं. त्या पिढीचं म्हणणं असं की ढोली म्हणजे किडलेला दात. खरवडून साफ करा, सिमेंट भरा. काम देखणं दिसायचं.

मग अलेक्स शायगो आले, अमेरिकेच्या वनखात्यातले वनस्पतिरोगतज्ज्ञ. त्यांनी काय केलं, झाडं आडवी न कापता चेनसॉने उभी चिरली, हजारोंनी, आणि आत कूज कशी पसरते ते पाहिलं. १९७७ मध्ये त्यांनी मांडलं की झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही, ती कोंडून टाकतं. चार भिंती घालतं. वर-खाली पसरणारी कूज अडवणारी भिंत सगळ्यात कच्ची, आत जाणारी आणि बाजूला जाणारी त्याहून बरी, आणि जखमेनंतर जे नवं लाकूड तयार होतं त्याच्या सीमेवरची भिंत सगळ्यात पक्की. ढोली खरवडणारा माणूस नेमकी ही भिंत फोडतो आणि कुजीला निरोगी लाकडात वाट करून देतो. वर सिमेंट झाडाबरोबर डुलत नाही, घासतं, पाणी धरून ठेवतं. डांबराचंही तसंच, आत ओल कोंडते, कूज थांबत नाही.

आमचा स्वार्थही आहे यात. वीस वर्षांनी कुणीतरी ते झाड कापायला चढतो, साखळी त्या सिमेंटला लागते, ठिणग्या उडतात, साखळी तुटते. आत काय काय सापडतं म्हणून सांगू, सिमेंट, विटा, कुंपणाची तार, खिळे, एकदा तर दाराची बिजागरी.

फांदी कापायची तर कुठे, हे डांबरापेक्षा महत्त्वाचं. फांदी खोडाला मिळते तिथे सुजल्यासारखा कडा दिसतो, त्याला कॉलर म्हणतात. झाडाचा बंदोबस्त तिथेच असतो. खोडाला सपाट घासून कापलंत तर तो बंदोबस्तच कापला. लांब खुंट ठेवलात तर तो वाळून कुजतो. मोठी फांदी तीन कापांत: पहिला खालून, खोडापासून हातभर लांब, जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतका. दुसरा वरून, किंचित पुढे. फांदी निघून जाते आणि साल सोलत खोडापर्यंत येत नाही. उरलेला खुंट कॉलरच्या लगत बाहेरून.

अंगण

बरं झालं विचारलं, सिमेंटची गोणी आणून ठेवली होती! पण मग झाड पोकळ असेल तर ते धोक्याचंच ना? पाडावं लागेल?

बेचका

पोकळ म्हणजे धोक्याचं असं नाही. नळी पोकळच असते आणि भक्कम असते. क्लाउस मॅटेक या जर्मन संशोधकाने मोडलेली आणि उभी राहिलेली पुष्कळ झाडं मोजून एक प्रमाण काढलं. शाबूत भिंतीची जाडी त्रिज्येच्या ०.३ पट किंवा जास्त असेल तर नुसत्या पोकळपणाने झाड सहसा मोडत नाही. म्हणजे त्रिज्या ४० सेंटिमीटर असेल तर शाबूत भिंत १२ सेंटिमीटर हवी. हा निकाल नाही, फक्त एक इशारा. भिंतीला मोठं भोक असेल, झाड कललेलं असेल, मुळं कुजलेली असतील तर गणित बदलतं. भिंत मोजायला बारीक सुईचा ड्रिल असतो, तो लाकडाचा विरोध कागदावर उमटवतो. पण सुई नेमकी कुठे टोचायची ते हातोडीच सांगते.

तुम्ही स्वतः ठोकून बघा. लाकडी किंवा नायलॉनची हातोडी घ्या, लोखंडी नको, साल फुटते.

कानस

इथपर्यंत कुणी वादळानंतरच्या कामाबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. एकतीस वर्षं केलं, आता चढत नाही. गुडघे.

उभं झाड कापताना वजन कुठे आहे ते दिसतं. पडलेल्या झाडात ते दडलेलं असतं. आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्या जमिनीवर टेकून वाकलेल्या असतात, प्रत्येक एक ताणलेली धनुकली. चुकीच्या बाजूने करवत लावली की फांदी तोंडावर येते. आधी दाबाच्या बाजूने थोडं, मग ताणाच्या बाजूने, आणि आपण कधीच त्या फांदीच्या फटक्यात उभं राहायचं नाही.

मुळासकट उपटलेलं झाड आणखी वाईट. मुळांची थाळी उभी असते, खाली खड्डा. खोड कापून वेगळं केलं की शेंड्याकडचं वजन जातं आणि थाळी स्वतःच्या वजनाने धाडकन परत खड्ड्यात बसते. दार लावल्यासारखी. त्या खड्ड्यात मुलं खेळताना मी पाहिली आहेत. माणसं उभी राहून फोटो काढतात. आम्ही पहिलं काम करायचो ते खड्ड्याभोवती पट्टी लावायचं, करवत नंतर.

आणि कललेलं झाड. पडायच्या दिशेलाच झुकलेलं असेल आणि तुम्ही नेहमीसारखी पुढे खाच घेऊन मागून कापत गेलात तर अर्ध्यातच खोड उभं फाटतं. मागची फळी वर उचलली जाते, हनुवटीच्या उंचीला, आणि झाड त्या फळीवर तोल घेऊन पडतं. मागे उभ्या असलेल्याला पळायला वेळ नसतो. अशा झाडात पात्याचं टोक आत भोसकून मधलं लाकूड आधी काढायचं, पुढे न कापलेल्या लाकडाची बिजागरी ठेवायची, मागे लाकडाचाच एक पट्टा धरून ठेवायचा, आणि तो पट्टा शेवटी कापायचा. बिजागरी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी. झाड पाडताना बाकी सगळ्यांनी झाडाच्या दुप्पट उंचीइतकं लांब.

माझ्या सोबतचा एकजण गेला तो कललेल्या झाडाने. त्यापेक्षा जास्त लिहीत नाही.

रानवारा

कानसकाका, 🙏

गणित_कच्चं

काका, वाचून सुन्न. विषय थोडा बदलतो. ती चेनसॉची विजार खरंच पाय वाचवते का?

सावली

वाचवते, पण लोकांना वाटतं तशी नाही. ती चिलखत नसते. आत लांब लांब धाग्यांचे थर असतात. साखळीने वरचं कापड फाडलं की ते धागे बाहेर ओढले जातात आणि दातेरी चक्रात गुंततात, साखळी जागीच थांबते. विजारीचे वर्ग साखळीच्या वेगावर असतात, वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर, ताशी ७२ किलोमीटर. एकदा काप बसला की विजार संपली, शिवून चालत नाही. चढणाऱ्यांनी पुढेमागे दोन्हीकडे संरक्षण असलेली घ्यावी, कारण झाडावर पाय कुठल्याही कोनात असतो.

बॅटरीच्या करवतींचं एक नवंच लफडं आहे. पेट्रोलची करवत घुरघुरत असते, जिवंत आहे हे कानाला कळतं. बॅटरीची गप्प असते. खटका चुकून दाबला गेला तर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून कमरेला लटकवताना ब्रेक लावलाच पाहिजे.

बेचका

+१. आणि उसळी. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की साखळी पकडली जाते आणि सगळी करवत उलटी चेहऱ्याकडे फिरते. डोळ्यांना कळायच्या आत. डावा अंगठा पुढच्या मुठीखालून घट्ट वळलेला असेल तर मनगट ब्रेकच्या फळीवर आदळतं आणि साखळी थांबते. एका हाताने करवत धरली असेल तर मनगटच तिथे नसतं. वरच्या मुठीची छोटी करवत एका हातात इतकी छान बसते की मोह होतोच. एका हातात करवत, दुसऱ्या हाताने फांदी धरलेली. तोच हात जातो.

तरी माझ्या अंगावरचे सगळे व्रण साध्या हातकरवतीचे आहेत. डाव्या हाताची पहिली दोन बोटं. जपानी दात असलेली वाकडी करवत, म्यानातून काढतानाच सोलते. तिचा आवाज नाही, धूर नाही, म्हणून तिला कुणी घाबरत नाही.

कापताना दोन ठिकाणी बांधलेलं असायचं ते याचसाठी. एक दोर स्वतःच कापला तर दुसरा राहतो. हसू नका, आपलाच दोर कापणं ही या धंद्यातली फार जुनी चूक आहे. आणि हार्नेसला रक्त थांबवायची पट्टी लावलेली असते. ती पिशवीत खाली ठेवून उपयोग नाही, मला खाली यायला लागतील त्या मिनिटांत मी संपेन.

रानवारा

वर बेशुद्ध पडलात तर?

सावली

म्हणून जागेवर दुसरा चढणारा हवाच, सामान घालून तयार. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाला फार वेळ तसं ठेवता येत नाही, रक्त पायांत साठतं. आम्ही दर महिन्याला सराव करतो, एकजण वर मेल्याचं सोंग घेतो. पहिल्यांदा मला एकवीस मिनिटं लागली होती, सोंग घेणारा शेवटी शिव्या देऊन स्वतःच उतरला. 😄 आता सात. एकेरी दोरावर चढताना बुंध्याशी अशी बांधणी करता येते की खालूनच माणसाला उतरवता येतं. मोहोळ उठलं तर तीच कामी येते. आग्यामोहोळाला करवतीचा हादरा आणि धूर दोन्ही सहन होत नाही, आणि त्या माश्यांच्या थव्यात गाठ सरकवत शांतपणे खाली येणं मला तरी जमणार नाही.

रोखठोक

सराव वगैरे वाचून मत थोडं बदललं. थोडंच. वायरींचं काय? आमच्या इथे सगळीच झाडं वायरींत आहेत.

बेचका

वायरींत मी जात नाही. कंपनीकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री आणि त्या कामाचं प्रशिक्षण घेतलेली माणसं, याशिवाय नाही. ओली फांदी वीज वाहून नेते. वायरीवर काळं आवरण दिसलं म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. अमेरिकेतल्या झेड १३३ या मानकात, वीजवाहिनीचं खास प्रशिक्षण नसलेल्याने ५० किलोव्होल्टपर्यंतच्या वाहिनीपासून किमान १० फूट दूर राहायचं असं आहे, आणि त्यात हातातलं हत्यार आणि दोरसुद्धा आले. तुटलेली तार जमिनीवर पडली असेल तर जवळ जाऊन कुणाला ओढू नका. भोवतालच्या जमिनीतही विजेचा दाब असतो, दोन पावलांत अंतर पडलं की वीज पायांतून जाते. पाय जुळवून, घासत घासत लांब.

काम नाकारलं की लोक चिडतात. दोन वाक्यांत 'घाबरट' ऐकू येतं. दुसरा कुणीतरी येतो आणि करतो. बऱ्याचदा त्याला काही होतही नाही, हाच तर त्रास आहे.

कानस

आणि जे अपघातात मोजलं जात नाही तेही लिहा. माझी उजव्या हाताची तीन बोटं थंडीत पांढरी पडतात, शर्टाचं बटण लावता येत नाही. करवतीचा हादरा. युरोपात आठ तासांच्या दिवसाला २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढ्या हादऱ्यापासून मालकाने उपाय करायचे आणि ५ ची हद्द ओलांडायची नाही असा नियम आहे. आम्ही तरुण होतो तेव्हा कुणी मोजत नव्हतं. बोथट साखळीने हादरा वाढतो, म्हणून तर हे नाव घेतलंय. दर टाकीला कानस मारा. कानांचंही तेच, करवत ११० डेसिबलच्या आसपास. बायको म्हणते तुम्ही ऐकत नाही, मी म्हणतो खरंच ऐकू येत नाही.

अंगण

ठोकून बघितलं! नायलॉनची हातोडी आणली. ढोलीभोवती आवाज खोल येतो, तुम्ही म्हणालात तसा फळीसारखा, पण वर-खाली हातभर गेलं की टणक. त्याची काळजी नाही वाटली. पण खाली बुंध्याशी, भिंतीकडच्या बाजूला, एका पसाभर जागेत नुसतं 'थप'. आणि खोबणीत काळी खरपुडी आहे. मला वाटलं कुणी पालापाचोळा जाळला असेल.

बेचका

हाताने दाबून बघा, नखाने मोडते का? आणि आपण कुणी तिथे काही जाळलं होतं का, आठवून बघा.

अंगण

नखाने मोडते, आतून काळी-करडी. जाळलं कुणीच नाही, विचारलं घरात. झाड मात्र पूर्ण हिरवं आहे हो, यंदा तर पालवी जास्तच आली.

कानस

पालवीवर जाऊ नका.

बेचका

फोटोवरून मी निदान करत नाही आणि इथे तर फोटोही नाही. जवळचा जाणकार बोलवा, या आठवड्यात, पुढच्या नाही. त्याला 'काळी खरपुडी, बुंध्याशी, भिंतीकडची बाजू, ठोकल्यावर थप' एवढे शब्द सांगा, तो लगेच येईल. तोवर झाडाला हात लावू नका, कुणाला चढू देऊ नका, फांद्या हलक्या करू म्हणून कुणी आला तरी नाही. खाली काय आहे?

अंगण

एका बाजूला झोपाळा, दुसऱ्या बाजूला गाडी.

बेचका

दोन्ही आजच काढा.

अंगण

गाडी हलवली. झोपाळा सोडवतेय, कड्या गंजल्यात.